जुन्या ट्विन टाक्यांना हार्नेस लावायचा की बॅकपॅक? नवीन लोकांसाठी सगळं एका जागी

मालवण-तारकर्लीला नाहीतर गोव्यात ग्रँड आयलंडला स्कूबा केलेल्या माणसाला पाठीवरची टाकी कशावर बसवलेली असते याचा विचारच करावा लागत नाही. जॅकेट, टाकी, रेग्युलेटर सगळं जोडून तयार असतं आणि इन्स्ट्रक्टर मागून धरून अंगावर चढवून देतो. इकडे अमेरिकेत आल्यावर काहीजणांना जुन्या सामानाचा नाद लागतो, म्हणजे १९५०-६० च्या दशकातला डबल होज रेग्युलेटर, दोन स्टीलच्या टाक्या एकत्र बांधलेला ट्विन सेट वगैरे. मग पहिला प्रश्न पडतो की हे धूड पाठीवर बांधायचं कशाने, नुसत्या पट्ट्यांनी (हार्नेस) की पाठीच्या आकाराच्या साच्याने (बॅकपॅक). मीही त्याच रांगेतला, म्हणून जे कळलं ते सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे डायव्हिंग शिकवणारं लिखाण नाही. तुमच्याकडे सर्टिफिकेशन आहे, सिंगल टाकीवर तुमचा हात बसलाय असं धरून चाललोय. नसेल तर आधी ते करा, टाक्या कुठे पळून जात नाहीत.

१. आधी टाक्या, मग पट्टे

बहुतेक लोक उलटं करतात. ईबेवर एखादा झकास जुना बॅकपॅक दिसतो, कंपनीचा लोगो शाबूत, रंगही टिकलेला, तो घेऊन टाकतात आणि मग त्यावर बसेल असा सेट शोधत फिरतात. असं करू नका. टाक्या चालत नसतील तर बाकी सगळा खर्च भिंतीवर लटकवायच्या शोभेचा आहे.

टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे बघा. जुन्या अमेरिकन स्टील टाक्यांवर आयसीसी किंवा डीओटी (नियम करणारी सरकारी खाती), मग ३एए (टाकीचा प्रकार), मग प्रेशर असं असतं. सगळ्यात जास्त दिसणारी टाकी म्हणजे स्टील ७२, तिचं प्रेशर २२५० पीएसआय. टेस्टच्या तारखेपुढे अधिक चिन्ह असेल तर दहा टक्के जास्त, म्हणजे २४७५ पर्यंत भरता येते, आणि ७२ घनफूट हा आकडा त्याच प्रेशरला धरलेला आहे. त्यामुळे अधिक चिन्ह नसेल तर तेवढी हवा मिळणार नाही, हिशोबात धरून ठेवा.

हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची ताकद तपासणं) दर पाच वर्षांनी लागते. शिक्का असा असतो: महिना, मग चौकोनात बसवलेली चार अक्षरं-आकडे (हा टेस्ट करणाऱ्याचा नंबर), मग वर्ष. शेवटची तारीख वीस-तीस वर्षांपूर्वीची असली तरी घाबरायचं कारण नाही, स्टील आतून स्वच्छ असेल तर जुन्या टाक्या आरामात पास होतात. शिवाय दरवर्षी आतून-बाहेरून व्हिज्युअल इन्स्पेक्शन लागतं, त्याचा स्टिकर नसेल तर दुकानदार हवा भरत नाही.

अ‍ॅल्युमिनियमची जोडी मिळत असेल तर जरा थांबा. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते १९८० चं दशक संपेपर्यंत बनलेल्या बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या आहेत आणि त्यांच्या गळ्यापाशी हळूहळू तडे जायचा त्रास निघाला. कायद्याने त्या बाद नाहीत, पण हायड्रोच्या वेळी गळ्याची एडी करंट टेस्ट (विजेच्या प्रवाहाने तडे शोधायची) वेगळी लागते आणि कितीतरी दुकानं त्या भरतच नाहीत. नवख्या माणसाने या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, स्टील घ्या.

अजून एक, गळ्याचे आटे. जुन्यातल्या जुन्या टाक्यांना अर्ध्या इंचाचे निमुळते आटे असतात, नंतरच्यांना पाऊण इंचाचे सरळ. मॅनिफोल्ड, म्हणजे दोन टाक्यांना जोडणारा तो वरचा नळ, त्याच आट्यांचा पाहिजे. सेट जोडलेल्या अवस्थेत विकत घेत असाल तर हा प्रश्न सुटलेलाच असतो, सुट्ट्या टाक्या आणि सुटा मॅनिफोल्ड घेताना लोक हमखास फसतात.

आणि हो, भारतात कोणासाठी तरी पाठवायचा विचार असेल तर तो डोक्यातून काढा. रिकामा सिलेंडरसुद्धा तिकडे गॅस सिलेंडर नियम २०१६ खाली येतो, आयात करायला पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलेंडरचे परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेची) परवानगी लागते (त्यांचं मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे). विमानात न्यायचा तर व्हॉल्व्ह पूर्ण काढून तोंड उघडं ठेवावं लागतं. एवढं करून तिकडे तो भरून कोण देणार हा प्रश्न राहतोच.

२. रेग्युलेटर पाठीवर कुठे येणार ते ठरवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे, बाकीचं सगळं हिच्यावर चालतं. वाचायला वेळ कमी असेल तर एवढं तरी वाचा.

आजच्या रेग्युलेटरमधे हवा सोडणारा पडदा तोंडापाशी असतो. डबल होजमधे (यू.एस. डायव्हर्सचा १९५८ चा डीए अ‍ॅक्वा-मास्टर घ्या किंवा त्या जातीतला कुठलाही) तो पडदा त्या गोल डब्यात, म्हणजे तुमच्या मानेमागे टाकीवर असतो. तोंडाला फक्त दोन नळ्या येतात, एकीतून हवा येते, दुसरीतून श्वास बाहेर जातो. आता पालथं पोहताना डबा फुफ्फुसांच्या वर असतो, तिथे पाण्याचा दाब फुफ्फुसांपाशी असतो त्यापेक्षा कमी, आणि पडदा त्या कमी दाबाने हवा देतो. मधला फरक तुम्हाला छातीने ओढून भरून काढावा लागतो. हिशोब एकदम सरळ आहे, डबा जितके सेंटिमीटर वर तितके सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढी जास्त ओढ. उताणे झालात की उलटं होतं, डबा खाली जातो आणि हवा न मागता तोंडात घुसते.

म्हणजे डबा पाठीला जितका चिकटून आणि फुफ्फुसांच्या जितका जवळ, तितका श्वास सोपा. दोन खांद्यांच्या हाडांच्या मधे, मानेच्या खाली, ही जागा. बरेच लोक म्हणतात की जुने रेग्युलेटर जड चालतात, ओढावं लागतं, मजा नाही. त्यातले अर्धे तरी असे असतात की डबा डोक्यामागे उंच आणि पाठीपासून वीतभर लांब ठेवलेला असतो. बिचाऱ्या रेग्युलेटरचा काय दोष! नीट सर्व्हिस केलेला डबल होज योग्य जागी बसला तर दिवसभर कुरकुर न करता चालतो.

म्हणून हार्नेस निवडताना पहिला प्रश्न हा विचारायचा: हा टाकीला पाठीपासून किती लांब ठेवतो आणि किती खाली बसवू देतो? गादी किती मऊ, दिसायला कसा, कंपनी कुठली, हे सगळं त्यानंतर.

खाली आणायलाही मर्यादा आहेच. टाक्या फार खाली गेल्या तर तीन गोष्टी होतात. नळ्या तोंडाला पुरत नाहीत आणि डावी-उजवीकडे मान वळवली की माउथपीस ओढला जातो. हात मागे नेऊन व्हॉल्व्हच्या चकतीपर्यंत पोचता येत नाही, आणि ते यायलाच पाहिजे. शिवाय बोटीच्या बाकावर बसताना टाक्यांचं बूड आधी टेकतं आणि अख्खा सेट मानेवर ढकलला जातो. या तिन्हीमधे जमेल तेवढं खाली, असा तोडगा काढायचा.

३. टेप घेऊन मोजमाप करा

विकत घेण्याआधी हे आकडे कागदावर पाहिजेत:

- टाकीचा व्यास. स्टील ७२ साधारण ६.९ इंच, अ‍ॅल्युमिनियम ८० ची ७.२५ इंच. फरक छोटा वाटतो पण एकीचा बँड (टाकीभोवती आवळायची धातूची पट्टी) दुसरीवर नीट आवळत नाही, आणि सैल बँडमधे घातलेला रबराचा तुकडा हा इलाज नव्हे.
- मॅनिफोल्डच्या दोन गळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. आजच्या डबल्सचे (म्हणजे ट्विन सेटचे) बँड बहुतेक साडेआठ इंचाच्या हिशोबाने केलेले असतात. जुन्या मॅनिफोल्डचं अंतर वेगळं असू शकतं, त्यामुळे नवीन बँड ऑर्डर करण्याआधी मोजा.
- बँडवर काय आहे: पट्टा ओवायच्या खाचा, कड्या, की बोल्ट? बोल्ट असेल तर त्याची जाडी आणि बाहेर आलेली लांबी.
- खाचेची रुंदी. आजचं वेबिंग (पट्ट्याचं विणलेलं कापड) दोन इंची म्हणजे ५० मिमी असतं, जुन्या काही सामानात खाच अरुंद असते आणि दोन इंची पट्टा त्यात दुमडून घुसवावा लागतो. दुमडलेला पट्टा घासला जातो आणि ऐन वेळी सरकत नाही.
- तुमच्या पाठीची लांबी, मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत. हे कोणी मोजत नाही.

बँड अंगावर असताना त्यांच्या खाली काय चाललंय ते दिसत नाही. घेताना शक्य असेल तर विकणाऱ्यासमोर सैल करून बघा, नाहीतर निदान टॉर्च मारून कडेने बघा. खारं पाणी तिथे अडकून बसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. तसंच बुडाच्या रबरी किंवा प्लॅस्टिकच्या बुटात. स्टील ७२ चं बूड गोल असतं म्हणून उभं राहायला बूट लागतो, आणि बुटाच्या आत वर्षानुवर्षं पाणी साचलेलं असतं.

४. तीन पर्याय, आणि कोणी कुठला घ्यावा

*पहिला: बँडलाच थेट ओवलेले पट्टे.* ही मूळ पद्धत. वरच्या बँडवरून खांद्याचे दोन पट्टे निघतात, खालच्या बँडला येऊन मिळतात, खालच्याच बँडला कमरपट्टा आणि बहुतेक वेळा मांड्यांमधून येणारा क्रॉच स्ट्रॅप. मधे प्लेट नाही, गादी नाही, टाक्या थेट पाठीवर. ऐकायला भयंकर वाटतं पण ट्विनमधे एक सोय आपोआप असते, दोन टाक्यांच्या मधल्या खोबणीत पाठीचा कणा बसतो आणि सेट डावी-उजवीकडे लोळत नाही. सिंगल टाकी मात्र लोळते, म्हणून बॅकपॅकची खरी गरज सिंगलवाल्यांना. वेटसूट घातलेला असेल तर टोचत वगैरे काही नाही, टीशर्टवर मात्र बँडचे नट लागतात.

डबल होजसाठी माझं मत विचाराल तर हाच सगळ्यात चांगला. डबा पाठीला सगळ्यात जवळ येतो, वजन काही नाही, खर्च म्हणजे थोडं वेबिंग आणि दोन-चार बकलं. तोटा असा की पाण्याबाहेर कमरपट्टा घट्ट नसेल तर सगळा भार खांद्यांवर येतो. ट्विन ७२ हवेसकट तीस किलोच्या आसपास जातो, आणि पार्किंगपासून पाण्याने भरलेल्या दगडखाणीच्या काठापर्यंत तो दोन इंची पट्ट्यांवर वाहून नेणं म्हणजे काय ते चालून बघितल्यावरच कळतं.

*दुसरा: जुना बॅकपॅक,* म्हणजे प्लॅस्टिकचा, फायबरग्लासचा किंवा धातूचा पाठीच्या आकाराचा साचा. १९६० च्या दशकात यू.एस. डायव्हर्स, व्हॉइट, डेकॉर, हेल्थवेज अशा सगळ्यांनी हे काढले. इथे सापळा असा की बाजारात दिसणारे बहुतेक सिंगल टाकीचे आहेत. एका टाकीभोवती फिरणारा एक बँड आणि खटका, बस. त्यात ट्विन बसत नाही, आणि मधे भोक पाडून बोल्ट घालू म्हणणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका. साठ वर्षांचं प्लॅस्टिक भोकाच्या कडेनेच तडकतं. ट्विनसाठीच केलेला बॅकपॅक असेल तर त्यात बँडचे बोल्ट जायची मूळ भोकं असतात.

घेताना खाचांचे कोपरे आणि बोल्टची भोकं भिंगाने बघा, केसाएवढी चीर असली तरी सोडून द्या. नखाने दाबून बघा, प्लॅस्टिक पांढरं पडत असेल तर उन्हाने गेलेलं आहे. आणि साच्याची जाडी मोजा. दोन-तीन सेंटिमीटर जाड असेल तर डबा तेवढा पाठीपासून लांब गेला आणि दुसऱ्या पायरीत सांगितलेली ओढ तेवढी वाढली. काही साचे कमरेशी जाड आणि वर पातळ असतात, ते चालतात.

फोटोसाठी, प्रदर्शनासाठी किंवा वर्षातून एकदा व्हिंटेज मेळाव्यात मिरवायला हा पर्याय मस्त आहे, त्याला नावं ठेवत नाही. पण रोजच्या डायव्हिंगसाठी मी पहिला किंवा तिसरा घेईन.

*तिसरा: आजची धातूची बॅकप्लेट.* टेक डायव्हिंगवाले (खोल, अवघड डायव्ह करणारे) वापरतात तीच. मधे दोन भोकं ११ इंच अंतरावर, त्यातून बँडचे बोल्ट येतात, आणि साधारण बारा फुटांचा एकच अखंड पट्टा खांदे आणि कमर असा फिरवून ओवायचा. स्टीलची प्लेट साधारण २.७ किलो, अ‍ॅल्युमिनियमची एक किलोच्या आत. स्टीलची घेतली तर तेवढे शिशाचे तुकडे कमरेवरून कमी होतात, हा बोनस. पाठीचा भार नीट पसरतो, सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळतात, आणि विंग (पाठीमागे लावायची फुगणारी हवेची पिशवी) लावायचा असेल तर हाच एक व्यवहारी मार्ग.

तुमच्या बँडना बोल्ट असले आणि ते ११ इंचावर सरकवता आले तर काम झालं. लहान टाक्यांच्या जोडीत ११ इंच अंतर धरलं तर वरचा बँड अगदी खांद्याच्या वळणावर आणि खालचा अगदी बुडाशी जातो, तिथे तो नीट आवळत नाही. अशा वेळी प्लेटचा हट्ट सोडा आणि पहिल्या पर्यायावर या.

५. बँड वर सरकवला की टाकी खाली जाते

यावर वेगळा मथळा टाकतोय कारण नव्वद टक्के नवीन लोक इथेच गोंधळतात. प्लेट किंवा पट्टे तुमच्या पाठीवर एकाच जागी बसतात, ती जागा तुमचे खांदे ठरवतात. त्यामुळे टाक्या पाठीवर खाली आणायच्या असतील तर बँड टाक्यांवर वर सरकवायचे, मानेकडे. डबा डोक्याला लागतोय म्हणून बँड खाली घेतले तर तो अजून वर येईल. दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटरने सरकवून बघा, एकदम मोठी उडी नको.

पट्टे सैल सोडून टाकी खाली आणायची युक्तीही बरेचजण करतात. पाण्याबाहेर ती चालल्यासारखी वाटते, पाण्यात पालथे झालात की सेट पाठीवरून वर उचलला जातो आणि मानेकडे सरकतो. यासाठीच तर क्रॉच स्ट्रॅप असतो, तो खालून धरून ठेवतो. डबल होजवर क्रॉच स्ट्रॅप नको म्हणणाऱ्याला एकदा डोकं खाली करून बुडी मारायला सांगा.

६. वेबिंग आणि बकल

मूळ पट्टे सुती कॅनव्हासचे असतात. दिसायला सुंदर, पण ओले झाले की आटतात, वाळले की कडक होतात आणि शिलाईपाशी कुजतात. ते काढून पिशवीत जपून ठेवा आणि डायव्हिंगला नायलॉनचं नवीन वेबिंग घ्या. फार मऊ घेऊ नका, बोटांत धरलं तर ताठ उभं राहील असं घ्या, म्हणजे हात घालताना पट्टा पीळ खात नाही. कापल्यावर टोक मेणबत्तीवर वितळवून घ्यायचं, तिरकं कापलं तर खाचेतून ओवायला सोपं जातं.

कमरेला एका हाताने, हातमोजे घालूनसुद्धा झटकन उघडेल असं बकल पाहिजे. जुनी पितळेची क्रोम चढवलेली बकलं चालतात, पण दातांची धार गेलेली असेल तर नायलॉन घसरतं कारण ती सुती पट्ट्यासाठी केलेली होती. घरीच टाकीला बांधून जोरात खेचून बघा. घसरलं तर साधं स्टेनलेसचं नवीन बकल लावा, दिसण्याचं दुःख नंतर करू.

पट्टे ओवल्यावर त्यांची जास्तीची टोकं जे-व्हॉल्व्हच्या रॉडमधे अडकत नाहीत ना ते बघा. ट्विनला बहुतेक वेळा जे-व्हॉल्व्ह असतो, त्यात थोडी हवा राखीव राहते आणि श्वास जड व्हायला लागला की खालचा रॉड ओढून ती मोकळी करायची. तो रॉड टाकीच्या कडेने खाली येतो आणि हात कमरेमागे नेल्यावर सापडला पाहिजे. नवीन प्लेट, नवीन पट्टा लावल्यावर रॉड पट्ट्याच्या आत दबलेला मी स्वतः दुसऱ्यांच्या सेटवर पाहिलाय. आणि हवा भरताना दांडा खाली, बुडी मारताना वर. वर असताना भरायला दिला तर टाकी नीट भरणार नाही, आणि जे-व्हॉल्व्ह कधी न पाहिलेल्या नवीन मुलाला दुकानात हे सांगावं लागतं.

७. जोडायची पद्धत

लागणारं सामान: पाना, ओरिंगचा (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्यांचा) नवीन संच आणि ऑक्सिजनला चालणारं ग्रीस, स्टेनलेसच्या आट्यांना लावायची अँटी-सीझ पेस्ट, टेप, कायमचा मार्कर, चांगली कात्री, मेणबत्ती आणि एक धट्टाकट्टा मित्र.

मॅनिफोल्ड जोडायचं काम शक्यतो इन्स्पेक्शन करणाऱ्याकडूनच करून घ्या, टाक्या रिकाम्या असताना. क्रम मात्र तुम्हालाही माहीत पाहिजे: बँड सैल ठेवायचे, मॅनिफोल्ड आधी बसवायचा, टाक्या सपाट फरशीवर सरळ उभ्या करायच्या आणि मग बँड थोडे-थोडे आळीपाळीने आवळायचे. आधी बँड घट्ट करून मग मॅनिफोल्ड जबरदस्तीने जुळवला तर आट्यांवर कायमचा ताण राहतो आणि ओरिंगमधून हवा गळत राहते.

स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा फिरवू नका, मधेच जाम होतो आणि मग करवतीशिवाय निघत नाही. पेस्ट लावा. आणि सेट उचलताना मॅनिफोल्डच्या आडव्या नळीला धरून उचलायचा मोह होतो, अगदी हँडलसारखीच दिसते ती. तिला हात लावायचा नाही. बँडला किंवा टाक्यांच्या गळ्याला धरा.

८. वेट बेल्ट, विंग आणि बाकी भांडणं

वेट बेल्ट सगळ्यात शेवटी, क्रॉच स्ट्रॅपच्या बाहेरून. अडचणीच्या वेळी बेल्ट सोडला की तो सरळ खाली पडला पाहिजे, क्रॉच स्ट्रॅपमधे अडकून लोंबकळला नाही पाहिजे. दोन्ही बकलं हाताला वेगळी कळली पाहिजेत, म्हणून कमरपट्ट्याचं आणि वेट बेल्टचं बकल शक्यतो वेगळ्या जातीचं घ्या किंवा उलट बाजूने उघडणारं.

ट्विन ७२ मधली हवाच जवळजवळ पाच किलोची असते. भरलेला सेट बुडतो, रिकामा होत आला की तरंगायला बघतो, त्यामुळे वजन शेवटच्या हवेवर जुळवायचं, सुरुवातीच्या नाही. मूळ काळात लोक बीसीशिवाय (तरंगणं सांभाळायला हवा भरायचं जॅकेट किंवा विंग) बुडायचे, आजही उथळ आणि ओळखीच्या पाण्यात अनुभवी लोक बुडतात, पण बहुतेक बोटी बीसी आणि प्रेशर गेज नसेल तर चढूच देत नाहीत. विंग घ्यायचा तर डबल्सचा घ्या, सिंगलच्या विंगचा मधला भाग अरुंद असतो, तो दोन टाक्यांच्या मधे चिमटतो आणि नीट फुगत नाही. जुन्या डबल होजला विंगची नळी लावायला जागाच नसते. एकतर तोंडाने फुगवा, नाहीतर फिनिक्ससारखी बदली नोझल किंवा अर्गोनॉट क्रॅकनसारखा नवीन बनावटीचा डबल होज घ्या, त्यांना पोर्ट असतात. गेजसाठी रेग्युलेटर आणि व्हॉल्व्हच्या मधे बसणारी बँजो फिटिंगही मिळते.

गळ्यातला जुना हॉर्स कॉलर व्हेस्ट वापरत असाल तर खांद्याचे पट्टे त्याच्या फुगणाऱ्या भागावर दाबून बसत नाहीत ना ते घरीच पूर्ण फुगवून बघा. छाती आवळली गेली तर पट्ट्यांची जागा बदला.

९. आधी कोरडं, मग पूल, मग खाण

घरी वेटसूट घालून सेट चढवा, मित्राला मागून आधार द्यायला सांगा. मान पूर्ण मागे टाका, डबा डोक्याला किंचित टेकला तर चालेल, मान अडली तर बँड वर सरकवा (हो, वर). हात मागे नेऊन व्हॉल्व्हची चकती फिरवून बघा. रॉड शोधा. डोळे मिटून कमरेचं बकल उघडा.

जुन्या लोकांची सेट डोक्यावरून घालायची पद्धत तुम्ही फोटोत पाहिली असेल. टाक्या समोर उभ्या, हात पट्ट्यांत, आणि झटक्यात डोक्यावरून मागे. तीस किलोला ते करू नका, कंबर जाईल. बोटीच्या काठावर किंवा गाडीच्या डिकीत सेट ठेवून खाली बसून घाला.

पुलात गेल्यावर चार अवस्थांमधे श्वास घेऊन बघा: पालथे, उताणे, उभे, आणि एका कुशीवर. पालथं आणि उभं असताना ओढ किती लागते ते लक्षात ठेवा, बाहेर या, बँड सरकवा, पुन्हा जा. फरक लगेच कळतो. उताण्या अवस्थेत हवा भसाभसा येणारच, तो दोष नाही. कुशीवर एका बाजूला सोपं आणि दुसरीला जड वाटलं तर सेट पाठीवर तिरका बसलाय, खांद्याचे पट्टे समान लांबीचे करा.

हे सगळं जमलं की मग ओहायो, इलिनॉयच्या त्या पाण्याने भरलेल्या दगडखाणी किंवा फ्लोरिडाचे झरे आहेतच. अलेक्झांडर स्प्रिंग्ज व्हिंटेजवाल्यांच्या आवडीचा आहे. तिथे जाताना सर्टिफिकेशन कार्ड, टाक्यांचा हायड्रो शिक्का आणि व्हिज्युअल स्टिकर चालू आहे याची खात्री, आणि रेग्युलेटरच्या सर्व्हिसची पावती एवढं जवळ ठेवा. गेटवरचा माणूस दोन नळ्या बघून हटकून प्रश्न विचारतो.

घरी आल्यावर पट्टे गोड्या पाण्यात भिजवा, बँडच्या कडांवर पाइप धरा, सावलीत वाळवा. आणि बँडची जागा पक्की झाली की टाकीवर मार्करने वर-खाली रेघ मारून ठेवा. वार्षिक इन्स्पेक्शनसाठी बँड काढावेच लागतात, रेघा नसतील तर परत लावताना पाचव्या पायरीपासून सगळी कसरत पुन्हा करावी लागते.